आधी मला वाढ

द्वादशीची सकाळ. एकादशीचा उपास सोडायचाय, नैवेद्याचं ताट पुढ्यात आहे, आणि ते देवाकडे सरकवायला माझा हात होत नाही. समईच्या ज्योतीकडे पाहता पाहता डोळे जड होतात.

ताटात आमच्या परसातल्या अळूची भाजी आहे. बंदरावर अणुबाँब पडला, त्यानंतर या मातीतलं पान आमच्या चुलीवर कधी चढलं नव्हतं. काल किरण मापणारे आले, मातीला यंत्र टेकवून म्हणाले, "खा आता, काकू." खाईन की मी. पण देवाला कसं देऊ? मातीत किरण थोडे का होईना, उरले असतील तर?

"वास तर बरा सुटलाय गो."

माझ्या थोरल्या जाऊबाई, भागीरथीबाई. त्यांना जाऊन किती वर्षं झाली. पदर खोचून शेजारी बसल्यात. मला नवल वाटत नाही.

"मीठ बेताचंच घातलंय, जाऊबाई."

"तुझं बेताचं मला ठाऊक आहे, शेवंते."

पाटाखाली वाळू लागते. भिंती नाहीत, आम्ही पुळणीवर आहोत आणि लाटांना आवाज नाही. जाऊबाईंच्या डोक्यावर घमेलं. परसातली बाधलेली माती खरवडून त्या सरकारी खड्ड्याकडे नेताहेत. अर्धा गाव घाटावर निघून गेला, या नाही गेल्या. शेवटी रक्ताच्या आजाराने नेलं.

"ठेवा ना ते आता."

"कुठे, तुझ्या डोक्यावर? उपासाने मान झालीय काडीएवढी!"

मला हसू येतं. घमेलं नाही. देवळाचा सभामंडप आहे, आणि मधे माझं ताट.

"आधी मला वाढ," त्या म्हणतात.

"अहो, देवाआधी? उष्टं होईल!"

"माती देवाने खरवडली का गो?"

जन्मात नेम मोडला नाही मी. तरी ताट त्यांच्याकडे सरकवते. त्या तीन बोटांनी भाजी घेतात, सावकाश चाखतात.

"आपल्या परसातली," म्हणतात. मान अशी ताठ, जशी लेक परीक्षेत पहिली आल्यावर व्हावी. "आता वाढ त्याला खुशाल."

जाग येते. घरात मी एकटी, दाराला आतून कडी. माझे हात कोरडे. भाजीच्या मधोमध तीन बोटं फिरल्याची खूण.

पातेल्यात अजून भाजी आहे, दुसरं ताट वाढता येईल. मी वाढत नाही. तेच ताट देवापुढे ठेवते, भोवती पाणी फिरवते आणि सांगते, "आमच्या थोरल्या जाऊबाईंनी चाखून दिलंय."