नव्या डिस्कमधला फोटो

आधीच सांगतो, भूतबित मी मानत नाही. रिसोडला माझं काँप्युटर दुरुस्तीचं दुकान आहे. मशीन बिघडलं तर कारण असतंच... सापडलं नाही तर तो आपला आळस! त्यामुळे हे लिहिताना माझाच मला राग येतोय.

रिठदचा एक फोटोग्राफर अपघातात गेला. त्याचा धाकटा भाऊ सकाळी स्टुडिओतला काँप्युटर घेऊन आला.

"फॉरमॅट मारून विंडोज टाका."

"डी ड्राइव्ह ठेवू का?" हे मी प्रत्येकाला विचारतो.

"नाही. समदं उडवा." बोलताना नजर खाली. मला तिथेच खटकलं — पण मशीन त्याच्या घरचं, मी कोण विचारणार?

जुनी डिस्क पार पुसून कोरी केली, तरी अडकत होती. ती काढून ठेवली, सीलबंद पाकिटातली नवी बसवली आणि विंडोज टाकलं. नेट जोडलंच नव्हतं.

दुपारी तो परत आला, सोबत वहिनी — फोटोग्राफरची बायको.

"भाऊ, उद्या तेरवी हाय. हार घालाले त्यायचा एक फोटो नाही घरात."

गावभर लोकांचे फोटो काढणारा माणूस, स्वतःच्या लग्नाचे प्रिंट काढायचे राहूनच गेले. मोबाइल अपघातात फुटला, आधारवरच्या फोटोत ओळखू येईना.

"काहून उडवाले लावलं रे?" मी दिराला विचारलं.

"मले वाटलं, लोकायचेच फोटो असतीन..." मला काही ते पटलं नाही.

"एकडाव पाहा तरी, भाऊ." वहिनीचा आवाज ऐकवेना. मशीन चालू केलं. फोटोंचं फोल्डर रिकामंच असायला हवं होतं, पण त्यात एक फोटो होता. वहिनीचा नवराच — स्टुडिओच्या निळ्या पडद्यासमोर उभा.

अंगावर काटा आला. संशय अर्थातच दिरावर. पण सकाळी गेलेला तो आत्ताच आला होता, आणि मशीनजवळ मी एकटाच होतो.

प्रिंट काढून दिला. वहिनीने तो डोळ्यांजवळ नेला.

"भाऊजी, हा शर्ट... हा तं तुमी त्या दिवशी आणला ना, त्यायले नेताना घालाले?"

दिराचं तोंड पांढरं पडलं. "हो... नवाकोरा. चितेवर त्याच्या अंगावरच जळला."

मी घाबरून म्हणालो, "वहिनी, हा राहू द्या. आधारवरचाच लावा."

तिने प्रिंट पदराखाली धरला. "कायले? त्यायनंच काढून देल्ला ना, भाऊ."

दिरावरचा माझा संशय अजून गेलेला नाही. पण डिस्कचं पाकीट मीच फोडलं होतं... त्यापुढे डोकं चालत नाही. तेरवीला हार त्याच फोटोला पडला.