फ्लेक्सची डावी बाजू

मला लिहिता येतं असा माझा दावा नाही. आमच्या घरात पहिलं पुस्तक आलं ते माझ्या दप्तरातून, तेही शाळेनं दिलेलं. शिकल्यासवरल्या लोकांसारखं मांडता येणार नाही, त्याची आधीच माफी मागतो. पण दुसऱ्या कुणी हे लिहिलं तर तो पुन्हा मला बाहेरूनच बघून लिहील. तेवढं एकदा झालं आहे. पुरे.

"खांदे पाड. अजून पाड. पोट सोड."

मी उघड्या अंगानं आरशासमोर उभा होतो. एसीची हवा पाठीवर येत होती. जिमचे मालक स्वतः मोबाइल धरून होते.

"हसू नको रे. घरात कुणी गेल्यासारखा चेहरा कर."

मागं ट्रेडमिलवर कुणीतरी फिसकन हसलं. मीही हसलो. मला वाटलं, हसायचं असतं.

"सर, गळ्यातलं काढू का?" मी विचारलं. माझ्या गळ्यात काळ्या दोऱ्यात बिरोबाचा ताईत आहे. आईनं बांधलेला.

"राहू दे, राहू दे. ते तर पाहिजेच. त्यानं खरं वाटतं."

काय खरं वाटतं, हे मी विचारलं नाही.

मी बीएच्या दुसऱ्या वर्षाला आहे. पोलीस भरतीची तयारी करतो. पळण्यात मी कुणाला ऐकत नाही. मेंढरांमागं चालून चालून पाय तयार झालेत. गोळाफेकीत मात्र माझा गोळा माझ्या पायाशीच पडायचा. मैदानावरचे सर सगळ्यांसमोर म्हणाले, "पाय घोड्याचे अन् हात कोंबडीचे. जिम लाव."

म्हणून मी जिमचे भाव विचारत फिरलो. कॉलेजच्या जिमचे पैसे फीमध्येच घेतलेले, पण तिथं कायम कुलूप. टीव्ही सेंटरकडच्या एका जिमचं महिन्याचं भाडं माझ्या मेसच्या बिलाएवढं होतं. म्हणजे एकतर जेवायचं, नाहीतर वजन उचलायचं. जुन्या शहरात एक तालीम होती. वस्तादांचे केस पांढरे, कान मोडलेले. त्यांनी मला वरपासून खालपर्यंत बघितलंसुद्धा नाही.

"पैसे नक्को," ते म्हणाले. "हफ्ते में एक दिन सबके साथ मिट्टी खोदना. फजर को आना."

मी हो म्हणालो आणि गेलो नाही. मातीतून सुटायला तर शहरात आलो होतो. मला काचेच्या आत जायचं होतं.

काचेची जिम औरंगपुऱ्याजवळ होती. तिथं भाव विचारला तर भाव सांगत नाहीत. आधी नाव, मग फोन नंबर, मग गाव. काउंटरवरच्या मुलीनं विचारलं, "वडील काय करतात?"

"मेंढरं आहेत आमची."

तिनं मालकांकडे बघितलं. मालकांमागच्या भिंतीवर त्यांच्या आजोबांचा आणि वडिलांचा फोटो होता, दोघंही वकिलाच्या काळ्या कोटात. मालक उठून माझ्याभोवती एक फेरी मारून आले. बाजारात व्यापारी मेंढराच्या कण्यावर बोटं दाबून बघतो, किती मांस निघेल म्हणून. फरक एवढाच, की त्यांनी हात लावला नाही.

"वर्षभर फुकट ये," ते म्हणाले. "फक्त पहिल्या दिवसाचा फोटो द्यायचा. सगळ्यांचाच घेतो."

वर्षभर फुकट. रात्री मी रूमवरच्या पोरांना सांगितलं तेव्हा माझा आवाज चढला होता. शहरातली सगळ्यात भारी जिम मला सगळ्यात स्वस्त पडली होती.

मग औरंगपुऱ्याच्या चौकात फ्लेक्स लागला.

दोन मजल्यांएवढा. उजव्या बाजूला त्यांचा ट्रेनर, तेल लावलेला, हात कमरेवर. डाव्या बाजूला मी. खांदे पडलेले, बरगड्या मोजता येतील असा उजेड टाकलेला, गळ्यात ताईत. माझ्या डोक्यावर 'बिफोर', त्याच्या डोक्यावर 'आफ्टर'. आणि माझ्या पोटावरून मोठ्या अक्षरांत: असंच जगायचं का?

मी खाली उभा राहिलो. रिक्षा थांबत होत्या, लोक वर बघत होते, कुणीही माझ्याकडे बघत नव्हतं. मी शर्टाचं वरचं बटण लावलं. ताईत आत ढकलला.

असंच जगायचं का. याच अंगानं माझा आबा, माझा बाप, जगत आला. हेच खांदे, हेच पोट. उन्हाळाभर मुलूख तुडवत, शेताशेतात खतासाठी मेंढरं बसवत, पाठीवर घोंगडं आणि काखेत नुकतं जन्मलेलं कोकरू. तेच अंग त्याच्याकडून माझ्याकडे आलं. माझा फोटो म्हणून त्यांनी आबालाच टांगलं होतं.

आबा औरंगपुऱ्यात कधी येत नाही. तेवढीच माझी सुटका होती. त्यानं हे बघू नये, एवढंच मला हवं होतं.

कॉलेजात नाव पडलं. "ए बिफोर, चहा घेतो का?" "बिफोर, नोट्स दे ना." चांगली पोरंसुद्धा. चिडलो तर म्हणायची, "यार, फेमस झाला तू, मजा घे ना."

मी मालकांकडे गेलो. बोलायचं पाठ करून गेलो होतो, सगळं विसरलो.

"सर, तो फोटो काढा."

"का? वर्षभर फुकट चालू आहे ना तुझं? बाकीचे किती भरतात, माहितीये? हिशेब कर."

"सर, माझी बदनामी होते."

ते खरंच चकित झाले. रागावलेही नाहीत. म्हणाले, "तुझी? अरे, तुला इथं ओळखतं कोण?"

ट्रेडमिल चालू होत्या. सगळे पळत होते, कुणी कुठंच जात नव्हतं. माझे कान तापले होते, पण डोकं एकदम थंड झालं. मी हिशेब केला. बाकीचे पैसे भरत होते. मी कणा भरला होता. आणि तो भरून वर 'सर, सर' करत होतो.

मी मेंबरशिपचं कार्ड काउंटरवर ठेवलं.

"मला मी ओळखतो," म्हणालो. "फोटो काढा."

सर म्हणालो नाही. पहिल्यांदाच.

"बघू," ते म्हणाले. "माज बघा याचा." हे दुसरं माझ्याशी नव्हतं, काउंटरवरच्या मुलीशी होतं.

दुसऱ्या दिवशी फजरला, उजाडायच्या आत, मी तालमीत गेलो. वस्तादांनी काही विचारलं नाही, फावडं दिलं. खोदून हात सोलून निघाले. शेजारी एका डॉक्टरांचा मुलगा खोदत होता, त्याच्याशेजारी एक हमाल. तिथंही भाडं अंगानंच भरायचं असतं, पण सगळ्यांनी सारखंच.

काही आठवड्यांनी चौकातला फ्लेक्स निघाला. तिथं आता मोबाइलची जाहिरात आहे. मला वाटलं, मी जिंकलो. गोळाही थोडा लांब पडू लागला होता.

काल बहिणीचा फोन आला. आमचा वाडा, म्हणजे मेंढरांचा तळ, सध्या गंगापूरजवळ आहे, एका बागायतदाराच्या रानात मेंढरं बसवलीत.

"दादा," ती म्हणाली, "इथं त्या औरंगपुऱ्याच्या जिमची नवीन शाखा व्हायली. स्टँडसमोर तुझा फोटो लागलाय. लई मोठा."

मी फोन घेऊन रूमबाहेर आलो.

"आबा रोज बघाया जायचा. त्याला कुठं वाचता येतंय? चहावाल्याला म्हणला, माझं पोरगं हाय, कालेजात हाय, साऱ्यांना माझ्याकडून चहा दे. ताईतावरून वळखलं म्हणला."

"मग?"

"मग चहावाल्यानं वाचून दाखवलं त्याला."

मागं मेंढरं ओरडत होती.

"आबा काय म्हणला?"

"काय नाय. पण आता स्टँडकडून जातच नाय. मागच्या वाटनं नेतो कळप, काट्यातून. आई विचारती तर म्हणतो, तिकडं चारा हाय. तिकडं काय बी नाय, दादा."

माझ्या आबानं आयुष्यात कुणासाठी वाट सोडली नव्हती. ट्रकसाठीसुद्धा नाही.

"त्याला सांग," मी म्हणालो, "उद्या कळप स्टँडकडूनच आण. भर दुपारी, सगळे असतात तेव्हा. मी येतोय. अन् लोकर कापायची कातर संग घे म्हणावं."

"काय करणार तू?"

"फ्लेक्सवरच्या त्या ट्रेनरला हात लावणार नाही. डावी बाजू आमची आहे. तेवढी कापून घेणार."