सणसरच्या पाटावरची प्रार्थना

त्या वर्षी मडमबाईंनी ठरवलं, मिशनच्या सहलीत नुसती गाणी आणि जेवण नको, साप बघायचे. उसात साप चावलेली माणसं बारामतीला आमच्या दवाखान्यात येत, आणि विषारी कोणता, बिनविषारी कोणता, हे आमच्यातल्या निम्म्यांना ठाऊक नव्हतं. बाईंचं म्हणणं खरंच होतं. पण सहलीला साप, हे काही माझ्या पचनी पडलं नाही. मी मिशनच्या शाळेत शिकवायची. दीड वर्षाच्या लेकीला सांभाळायला घरी कोणी नव्हतं, म्हणून तिलाही बैलगाडीत घातली.

सणसरजवळ पाटाच्या कडेला, चिंचेखाली जाजम अंथरलं. मडमबाईंनी सकाळीच बरोबर घेतलेल्या गारुड्यानं धामण दाखवली, घोणस दाखवली आणि शेवटी नाग काढला.

"ह्यो परवाच उसात घावलाय. दात अजून काढलं न्हाईत," नवा बैल दाखवावा तशा कौतुकानं तो म्हणाला. "पर तुमी हालू नगा, मग त्यो बी काय करत न्हाय."

लेक माझ्या मागे गोधडीवर झोपली होती. माझं अर्धं लक्ष तिच्याकडेच.

नाग टोपलीत गेला. गारुडी झाकण बांधायला दोरी शोधत होता, तेवढ्यात आमचे उपदेशक उभे राहिले. "जेवणाआधी प्रार्थना करू या." या माणसाला कधी दम म्हणून नव्हता. सगळ्यांनी डोळे मिटले. आमच्यात आमेन होईपर्यंत घर जळालं तरी डोळे उघडायचे नाहीत. गारुडी भला माणूस. आमचा मान राखायचा म्हणून त्यानंही दोरीचा नाद सोडला, हात जोडले आणि डोळे मिटले.

मी तेवढं लेकीकडे चोरून पाहिलं. नाग तिच्या आणि माझ्या मधे होता, गोधडीच्या काठाशी.

उपदेशक शेवटाकडे आले होते. आमेन झालं की मंडळी धडपडत उठणार, ताटं वाजणार, पोरगी दचकून हात हलवणार. ओरडले तरी तेच. मग त्यांचं वाक्य संपायच्या आत मीच सुरुवात केली. एकाची प्रार्थना संपत आली की दुसऱ्यानं उचलायची, ही आमची रीतच होती.

"हे प्रभू," मी त्याच संथ सुरात म्हणाले, "टोपलीतला नाग माझ्या लेकीजवळ आला आहे. कोणालाही हलू देऊ नकोस. फक्त गारुडीबाबांना डोळे उघडू दे."

कोणी हललं नाही. प्रार्थनेतून उठायची कोणाची छाती नव्हती. मडमबाईंचे ओठ पांढरे पडले, पण पापण्या मिटलेल्याच. मी बोलतच राहिले. त्या घटकेला मला देवाचा संताप आला होता, आणि तरी त्यालाच धरून बसले होते.

गारुडी गुडघ्यांवर सरकत आला. नागानं फणा काढला. लेकीनं झोपेत कूस बदलली आणि तिचा हात गोधडीबाहेर पडला. त्याच क्षणी गारुड्यानं शेपूट धरून नाग मागे ओढला, टोपलीत घातला आणि झाकण दोन्ही हातांनी दाबून धरलं.

आता मी प्रार्थना संपवायला हवी होती. पण शब्दच फुटेना, नुसते हुंदके. मंडळी डोळे मिटून तशीच बसलेली.

गारुड्यानं माझ्याकडे पाहिलं, मग त्या सगळ्यांकडे पाहिलं. सकाळपासून आमच्या तोंडून ऐकलेला शब्द शेवटी त्यानंच उच्चारला.

"आमेन."