गुरुवारचे वाक्य

बुधवारी संध्याकाळी भाच्याचा फोन आला. "मामा, आई गेली." सुशीला माझी धाकटी बहीण. शिक्षिका म्हणून निवृत्त झाल्यावर भोसरीत आमच्या वस्तीतल्या विहारात ती कामगार बायकांना इंग्रजी शिकवी. वर्ग गुरुवारी, वर्कशॉपांना सुटी तेव्हाच. पहिल्याच दिवशी ती भविष्यकाळ घेई. प्रत्येकीने 'आय विल' म्हणून आपण काय करणार ते सर्वांसमोर सांगायचे आणि पुढच्या गुरुवारी, ते झाले की नाही, याचे उत्तर द्यायचे. झाले नसेल तर रागावणे नाही. तेच वाक्य पुन्हा. "या वयात इंग्रजी शिकून या करणार काय?" असे मी एकदा विचारले. ती म्हणाली, "दादा, काय करणार, हे त्यांना आजवर कुणी विचारलंच नाही."

वर्गातली सुनीता एका वर्कशॉपात पत्रे कापायच्या प्रेसवर कामाला होती. तिला संगणकावर चालणाऱ्या सीएनसी मशीनवर काम हवे होते आणि तिच्या वर्कशॉपात ते पुरुषांकडेच असे. "आय विल स्पीक टू साहेब," हे वाक्य तिने कित्येक गुरुवार म्हटले. बायका हसत. "अगं, साहेब रिटायर होऊ दे, मग बोल निवांत." सुशीला मात्र हसत नसे. डायलिसिस सुरू झाल्यावरही रिक्षाने येऊन ती ते वाक्य ऐकून घेई.

शेवटी सुनीता रुग्णालयात सुशीलाला भेटायला आली, शिफ्ट संपवून, युनिफॉर्मवरच.

"मॅडम, बोलले साहेबांशी. सोमवारपासून मशीनवर ये म्हणाले. पण ड्रॉइंग वाचता आलं पाहिजे म्हणे."

"मग आता?"

"आय विल... रीड ड्रॉइंग."

"गुरुवारी सांग, जमलं का ते."

तो गुरुवार आपल्याला लाभेल याची खात्री नाही, असे डॉक्टरांनी तिला त्याच सकाळी सांगितले होते. मी शेजारीच उभा होतो. तिचा आवाज जराही हलला नाही. लहानपणापासून पाहिलेल्या माणसाचा असा दरारा मला प्रथमच वाटला.

ती गेल्याच्या पुढच्या आठवड्यात, गुरुवारी, विहाराच्या हॉलची चावी परत करायला गेलो. सगळ्या जणी बसलेल्या होत्या. सुशीलाची खुर्ची रिकामी ठेवली होती. तिच्याकडे पाहत सुनीता उभी राहिली. "नाही जमलं, मॅडम. आय विल रीड ड्रॉइंग." मग माझ्याकडे वळून म्हणाली, "चावी राहू द्या, दादा. वाक्य सांगा."

माझा सारा जन्म टूलरूममध्ये, यंत्रभागांची ड्रॉइंग वाचण्यात गेला.

"आय विल टीच ड्रॉइंग," मी म्हणालो.

कुणी हसले नाही. त्या हॉलमध्ये आता दर गुरुवारी मलाही उत्तर द्यावे लागते.