नानांच्या घरची रविवारची बैठक

नाना दिघे कोणाचंही लिखाण डोळे मिटून ऐकत. नवख्याला वाटे, झोपले. पण वाचन संपलं की डोळे उघडून ते पहिलाच प्रश्न असा विचारत, की लिहिणारा खुर्चीत सरळ होऊन बसे.

मी लग्न होऊन वाईहून उज्जैनला आले, तेव्हा मध्यभारत राज्य नवंनवं झालं होतं. नाना आमच्या ह्यांच्या शाळेत भूमिती शिकवत. त्यांच्या माधव नगरच्या घरी दर रविवारी लिहिणारी मराठी मंडळी जमत. मी लिहिते हे कळल्यावर त्यांनी मला आग्रहानं बोलावलं. मी कृष्णेच्या घाटाबद्दल लिहिलेलं वाचलं. नानांनी डोळे उघडले. म्हणाले, "वहिनी, नदी एकदम बढिया. पण तिथं पाणी भरायला कोणी येतं की नाही?"

मी काही सांगू लागले, तर त्यांनी हात वर केला. "अंहं. इथं वाचणारा नंतर बोलत नाही. फक्त ऐकतो. घरी जाऊन पुन्हा लिहितो." त्या नियमाचा मला तेव्हा राग आला. पण घरी जाऊन मी पुन्हा लिहिलं.

पुढे राज्यांची पुनर्रचना झाली. मध्यभारत मध्य प्रदेशात गेलं, कचेऱ्या भोपाळला हलल्या आणि बैठकीतली निम्मी मंडळी बदली होऊन गेली. एका रविवारी आम्ही जेमतेम पाचजण उरलो. निवृत्त न्यायाधीश भाऊसाहेब म्हणाले, "नाना, आता पुरे करा. मराठीचं जे व्हायचं ते तिकडे मुंबई-पुण्याला होईल. इथं आता कोणासाठी लिहायचं?"

"मराठी काय सरकारी मुलाजिम आहे, भाऊसाहेब?" नाना म्हणाले. "बदलीचा हुकूम आला की सामान बांधून निघाली? दोनशे वर्षं झाली आम्हाला इथं. पुढच्या रविवारी या. मी वाचणार आहे."

नाना कधीच स्वतःचं वाचत नसत. मी उज्जैनला येण्याआधीच त्यांची पत्नी वारली होती; तिच्यावरच त्यांनी लिहिलं होतं. वाचताना आवाज दोनदा अडखळला. संपल्यावर नाना एकेकाकडे पाहत होते. शेवटी मीच धीर केला.

"नाना, काकूंना मी पाहिलेलं नाही. पण एवढ्या पानांत त्या एकदाही चिडत नाहीत. संसार केलेली बाई अशी नसते."

भाऊसाहेबांनी माझ्याकडे डोळे वटारून पाहिलं. नानांचा चेहरा पडला. ते काहीतरी बोलणार असं वाटलं. पण नियम त्यांचाच होता. त्यांनी कागद घडी करून खिशात ठेवले आणि ते उठून पाणी प्यायले.

तो आठवडा मला फार जड गेला. "कशाला बोललीस?" असं हेही म्हणाले. रविवारी भीतभीतच गेले, तर नाना पुन्हा कागद घेऊन बसलेले. या वेळी काकू चिडल्या होत्या. भर बैठकीच्या दिवशी चूल विझवून त्या नानांना म्हणत होत्या, "गावभरच्या लोकांचं तुम्ही ऐकता. माझं कोण ऐकणार? मला सांगायचं काहीच नसेल का?" नानांनी तेव्हा दिलेलं उत्तरही लिहिलं होतं: "चहा टाक."

वाचून झाल्यावर त्यांनी कागद खाली ठेवले. मग म्हणाले, "माणसं कमी पडली म्हणता ना? पुढच्या खेपेला घरच्या बायकांनाही आणा. ऐकायला नाही, वाचायला."

पहिल्या रविवारी तिघी आल्या. भाऊसाहेबांच्या पत्नी माई घाबरत घाबरत आपल्या बाळंतपणांबद्दल वाचू लागल्या आणि हसणारे सगळे हळूहळू पुढे सरकून ऐकू लागले. भाऊसाहेब बायकोकडे पाहतच राहिले. पावसाळा संपेतो नानांची खोली पुरेना. सतरंजी ओसरीवर टाकावी लागली.

नानांच्या शेवटच्या वर्षी पुण्याचे एक संपादक पाहुणे म्हणून आले. तोवर नानांना कमी ऐकू येई, म्हणून ते वाचणाऱ्याच्या अगदी जवळ बसत. त्या दिवशी माईंच्या धाकट्या सुनेनं टावर चौकातल्या भाजीवालीवर लिहिलेलं वाचलं. भाजीवालीचं बोलणं हिंदीत, सुनेचं स्वतःचं मराठीत, आणि त्या मराठीतही जागोजागी हिंदी. पाहुणे हसून म्हणाले, "गोष्ट चांगली आहे. पण ही कुठली मराठी म्हणायची?"

ती पोर खाली पाहू लागली. नियमाप्रमाणे तिला बोलता येत नव्हतं. नानांनी कानाशी हात नेऊन प्रश्न पुन्हा विचारायला लावला. मग काठी टेकत ते उभे राहिले.

"उज्जैनची," ते म्हणाले. "छापायची असेल तर अशीच छापा."

आणि संपादकांनी ती तशीच छापली.