गुऱ्हाळावरनं येणारं उत्तर

सर जाऊन वर्ष होत आलं, तरी त्यांच्या नावानं मेल बाहेर जात होते. कॉलेजचा जुना सर्व्हर कायमचा बंद करायचा हुकूम आला होता. म्हणून नोंदी चाळायला बसले आणि हे दिसलं. भर दुपारी, बाहेर पोरांचा दंगा, आणि मी खुर्चीला खिळलेली.

सर आमच्या संगणक विभागाचे प्रमुख. सगळं जग फोनवर मेल बघायला लागलं, तरी हा माणूस युनिक्सच्या काळ्या पडद्यावर, नुसत्या अक्षरांत मेल वाचायचा. चित्र नाही, माऊस नाही. मी चिडवलं की म्हणायचे, "माऊस कशाला पायजे गं? बोटं हायत की!" ऊसतोड लागली की गडमुडशिंगीला घरच्या गुऱ्हाळावर निघायचे आणि जाताना आपोआप जाणारं उत्तर लावून ठेवायचे: "गुऱ्हाळावर हाय. रसाची काहील उतरली की बोलतो." परतल्यावर पहिलं काम ते काढायचं. गेल्या हंगामात ते तिथंच कोसळले आणि दवाखान्यातनं घरी आलेच नाहीत. त्या गडबडीत उत्तर काढायचं कुणाला सुचणार?

त्यांची मेलपेटी उघडली. जाहिरातींचा कचरा सोडला तर सगळे न वाचलेले मेल एकाच पत्त्यावरनं, सरांच्या बायकोच्या, म्हणजे आमच्या वहिनींच्या. म्हैस व्याली. नळाला पाणी न्हाय. तुमचा स्वेटर धुऊन ठेवलाय. आणि त्यांना दर वेळी सरांचं तेच उत्तर गेलेलं. मला रडूच फुटलं. या बाईला आता कुणी सांगायचं, की हेही थांबणार म्हणून?

शेवटी मीच फोन केला. दुसऱ्या दिवशी वहिनी कॉलेजात हजर.

"वहिनी, ते उत्तर मशीन देतंय हो," मी चाचरत म्हटलं.

"मी काय येडी हाय व्हय? ठाऊक हाय मला. पर हाक मारली की ओ येतीय. घरात दुसरं कोण हाय ओ द्यायला?"

परक्या हातानं कशाला, असं वाटून मी कीबोर्ड त्यांच्याकडं सरकवला. "तुम्हीच बंद करता का?"

वहिनींनी झटकन हात पदरात घेतला. "नगं बाई. दवाखान्यात श्वासाची नळी काढा म्हणून मीच सांगितलंय. त्यास्नी दोनदा घालवायला मला लावू नगंस."

त्या दाराबाहेर जाऊन उभ्या राहिल्या. मी बंद केलं.