आईची आडवी वाट

घाणेरीचा उग्र वास आला की पुण्यातली टेकडीवरची ती मोठी बाग आठवते. गावाकडून, मार्गासनीहून आई आली होती, तिला मी तिथं फिरायला नेलं. भारी बूट घातलेल्या माझ्या ऑफिसातल्या मैत्रिणी तिला म्हणाल्या, "काकू, चढ आहे, तुम्ही खाली बाकावर बसा." तिच्या नऊवारीची मला लाज वाटत होती, मी त्यांच्याबरोबर पुढे चालू लागले. आईनं चपला काढून हातात घेतल्या, पदर खोचला आणि गुरं डोंगर चढतात तशी आडवी-तिरकी निघाली. आम्ही धापा टाकत माथ्यावर पोचलो, तर ही कट्ट्यावर निवांत बसलेली. "दमला व्हय गं पोरींनो? डोंगर तर अजून लागलाबी न्हाई!" मी सगळ्यांदेखत तिला मिठी मारली. आता त्याच टेकडीखाली लेक मला बाक दाखवते, तेव्हा मी चपला काढते.